हरवलेल्या फोनवर आलेलं निमंत्रण

आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्षा आणि घरोघरी परिचारिका पाठवणाऱ्या संस्थेच्या प्रमुख, व्यासपीठावर विराजमान असलेले या कंपनीचे तरुण संचालक, कंपनीचे कायदेविषयक सल्लागार वकीलसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती, मदत विभागातली सगळी गुणी मुलंमुली, आणि शेवटच्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारून पाहणारी माझी सूनबाई. आपणा सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

मागे ऐकू येतंय का? सूनबाईने मान हलवली, म्हणजे येतंय. तिने मला बजावलंय, "बाबा, थोडक्यात आटपा, आणि मुद्द्यावर या." मुद्दा काय आहे ते तिला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. पण मंडळी, मुद्द्यावर थेट येणं मला कधी जमलेलं नाही. तेव्हा थोडं आडवळणाने येतो, सांभाळून घ्या.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माझी ओळख 'विशेष पाहुणे' अशी करून दिली. तिचा मोठेपणा आहे. मी या कंपनीचा कोणी नव्हे. मला संगणक चालवता येत नाही, आणि ते शिकायची घाईही नाही. बसस्थानकावर उपाहारगृह आणि पार्सल ऑफिस यांच्या मधे एक खोली असते, तिच्यावर 'हरवले-सापडले' अशी पाटी असते. त्या खोलीत माझी सगळी नोकरी गेली. जाळीच्या खिडकीतून बोलायची सवय असलेला माणूस मी. समोर जाळी नाही आणि इतके चेहरे एकदम, त्यामुळे जरा कावराबावरा झालोय.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइल फोन सांभाळणाऱ्या कंपनीत या गृहस्थांचं काय काम? तर मला बोलावणं कसं आलं ते सांगतो. पत्रिका आली नाही, फोनही आला नाही. म्हणजे आला, पण तुमच्या-आमच्यासारखा नाही. माझ्याकडे एक जुना, कोपरा फुटलेला फोन आहे. गेल्या आठवड्यात मी भाजी निवडत बसलो होतो, तर तो टेबलावर जीव खाऊन वाजायला लागला. बघतो तर पडद्यावर अक्षरं: 'काका, ताईंचा निरोप समारंभ आहे. तुम्ही बोलायला हवंत. नक्की या. मदत विभाग.' हरवलेल्या फोनवरून समारंभाचं आमंत्रण मिळालेला मी बहुधा पहिलाच वक्ता असेन.

आज इथे आल्यावर दारातच एका मुलाने माझ्या हातातून तो फोन घेतला, इथल्या वायफायला जोडला आणि परत खिशात ठेवला. "असू दे काका," म्हणाला. संचालकसाहेबांनी मग मोठ्या प्रेमाने सगळी कचेरी फिरवून दाखवली. मदत विभागाची खोली दाखवली, आजच्या सत्कारमूर्ती बाईंची खुर्ची दाखवली. आणि चालता चालता सांगितलं, की उद्यापासून मदत विभागाच्या क्रमांकावर माणूस नसेल, यंत्र उत्तर देईल. शिवाय ज्या फोनांना कोणी धनी उरलेला नाही, ते सगळे आज संध्याकाळी यादीतून काढून टाकणार, मोठी साफसफाई आहे. मी "वा, वा" म्हणालो. पाहुण्याने म्हणायचं असतं. पण माझा हात आपोआप खिशाकडे गेला, कारण ज्या फोनाला धनी नाही असा एक फोन माझ्याच खिशात होता.

असो. मला ही कंपनी समजली ती सगळी बाईंमुळे. इथे सगळे त्यांना ताई म्हणतात, मी बाई म्हणतो. सूनबाईने एकदा मला विचारलं होतं, "बाबा, सगळं जग त्यांना ताई म्हणतं, मग तुम्ही का नाही म्हणत?" मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

तर मी बाईंना विचारलं होतं, तुमची कंपनी नेमकं करते काय? त्या म्हणाल्या, "असं समजा, एखादी संस्था आपल्या माणसांना कामासाठी फोन देते. परिचारिकांना देते, पार्सल पोचवणाऱ्यांना देते, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांना देते. फोन म्हणजे सासरी दिलेली लेक. नांदते तिकडे, पण माहेरचं लक्ष असतं. आम्ही तिचं माहेर." फोनमध्ये काय असावं, काय नसावं, ते इथून ठरतं. फोन हरवला तर इथूनच त्याला कुलूप लागतं, इथूनच तो वाजवता येतो, आणि अगदीच वेळ आली तर आतलं सगळं इथूनच पुसता येतं. आणि कुलूप लागलेल्या फोनच्या पडद्यावर एक मजकूर दिसतो, ज्याला तो सापडला त्याच्यासाठी.

या मजकुराबद्दल मला बोलायचं आहे. वकीलसाहेब, राग मानू नका, पण पूर्वी तो मजकूर तुम्ही लिहिलेला असायचा. मी तो पुष्कळदा वाचलाय. 'सदर उपकरण अमुक संस्थेच्या मालकीचे असून अनधिकृतपणे बाळगल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' एकदा एक म्हाताऱ्या आजीबाई माझ्या खिडकीशी आल्या, फोन टेबलावर असा टाकला जणू इंगळी होती, आणि म्हणाल्या, "मी काही केलेलं नाही हो. बाकावर होता, उचलला." त्यांचे हात कापत होते. चांगलं काम करून माणूस कापत होता. अशा वेळी कित्येकजण तो फोन कचऱ्यात टाकून मोकळे होत असतील, कशाला नसती ब्याद.

मग एके दिवशी कोणी तरी मला असा फोन आणून दिला, ज्याच्यावर वेगळंच लिहिलं होतं. 'मी हरवलोय. तुम्हाला सापडलो, बरं झालं. खालच्या क्रमांकावर कळवलंत तर माझ्या माणसाचा जीव भांड्यात पडेल. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही.' मी तो मजकूर दोनदा वाचला. बाजूच्या पार्सलवाल्यालाही वाचायला दिला. तो म्हणाला, "हे कुणी तरी घरी जेवूनखाऊन सुखात असलेल्या माणसाने लिहिलंय."

नंतर कळलं की तो बाईंनी लिहिला होता, आणि त्यासाठी त्या इथे सगळ्यांशी भांडल्या होत्या. वकीलसाहेबांनी म्हणे बैठकीत विचारलं होतं, "अहो, पण फोन स्वतः कसा बोलेल?" त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "साहेब, फोन बोलण्यासाठीच असतो." वकीलसाहेब हसताहेत, म्हणजे खरं असणार.

तो फोन अध्यक्षाबाईंच्या एका परिचारिकेचा होता. कुठल्या रुग्णाला कोणतं इंजेक्शन, सगळं त्यात. मी पडद्यावर दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडून बाईंचा आवाज आला. मला वाटलं, आता विचारतील, तुम्ही कोण, फोन कुठे मिळाला, कशावरून तुम्हीच घेतला नाही. त्यांनी विचारलं, "सापडला का? फार छान. तुमचा खोळंबा तर होत नाही ना? उभे आहात की बसलेले?"

मंडळी, इतकी वर्षं मी हरवलेल्या वस्तू परत करत होतो. लोक यायचे, आधी रडवेले, मग वस्तू दिसली की वस्तूकडे झेप. पिशवीला मिठी मारायचे, छत्रीला मिठी मारायचे. जाताना कोणी आभार मानी, कोणी विसरून जाई. माझी तक्रार नाही, जीव वस्तूत अडकलेला असतो. पण ज्याला सापडलं तो उभा आहे की बसलेला, हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मी खरं म्हणजे उभा होतो. त्यांनी विचारल्यावर बसलो.

पुढे फोन सापडत गेले, आमचं बोलणं होत गेलं. कामापुरतंच. मी फोनचा क्रमांक सांगायचा, त्यांनी खात्री करायची, धन्याला कळवायचं, मग तो माणूस माझ्या खिडकीशी यायचा. माझ्या खोलीचा एक नियम होता. खूण सांगितल्याशिवाय मी वस्तू कुणाला देत नसे, मग तो कितीही मोठा असो. डबा असेल तर आत कुठली भाजी होती, पिशवी असेल तर कुठला बंद तुटलाय. खूण जुळली की मी म्हणायचो, "खूण पटली, वस्तू घेऊन जा." बाईंना हे शब्द फार आवडायचे. त्या म्हणायच्या, "आमचा संगणक तर नुसतं 'यशस्वी' म्हणतो. तुमचं किती बरं वाटतं कानाला." मग कधी कधी त्या फोनवरच म्हणायच्या, "पटली का खूण?" आणि मी म्हणायचो, "पटली."

त्या म्हणायच्या, "हरवल्याची बाजू मी सांभाळते, सापडल्याची तुम्ही सांभाळा." असं आमचं खातं चाललं होतं.

पण माणसं काय आपल्या सोयीने फोन हरवत नाहीत. कधी कधी आठवडेच्या आठवडे सगळे आपापले फोन घट्ट धरून उतरायचे. अशाच एका कोरड्या आठवड्यात मी बाईंना फोन लावला आणि सांगितलं, "एक छत्री सापडली आहे." पलीकडे संगणकाच्या कळा वाजल्या. मग त्या म्हणाल्या, "छत्र्या आमच्याकडे नोंदलेल्या नसतात." मी म्हणालो, "नाही, म्हटलं कळवून ठेवावं." त्या म्हणाल्या, "बरं केलंत. कुठल्या रंगाची आहे?" मग मी छत्रीचं वर्णन केलं. पुढे एकदा एक कवळी सापडली. पूर्ण कवळी, वरची आणि खालची. माणूस दात विसरून बसमधून उतरतो कसा, यावर आम्ही बराच वेळ विचार केला. त्या दिवशी बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. आधी श्वास धरतात, वाटतं फोन कटला, आणि मग हसू येतं.

मदत विभागातली पोरं एकमेकांना कोपरं मारताहेत, मला दिसतंय. हसा, हसा. म्हातारपणी माणसाचं हसू व्हायचंच.

आता या फोनबद्दल. हा बघा. कोपरा फुटलाय. शेवटच्या सीटखाली सापडला होता. मी बाईंना कळवलं. त्यांनी शोधलं आणि म्हणाल्या, "एका छोट्या कुरियर कंपनीचा आहे. ती कंपनी बंद पडली. याचं आता कोणीच नाही." त्यांच्या नियमाप्रमाणे तो यादीतून काढायला हवा होता, आणि माझ्याकडच्या रिवाजाप्रमाणे मुदत संपल्यावर तो लिलावाच्या पेटीत जायला हवा होता. बाई म्हणाल्या, "राहू द्या थोडे दिवस. एखादवेळी कोणी विचारायला येईल." मी म्हणालो, "राहू दे." त्या म्हणाल्या, "चार्ज मात्र करत जा हं." मी करत गेलो. कोणी विचारायला आलं नाही.

मग एकदा काय झालं, बरेच दिवस कोणाचा फोन हरवला नाही, छत्रीही नाही. वस्तू नसताना फोन करायचा तरी कसा? खोलीत मी चहाचा कप तोंडाला लावला, तोच कपाटात हा फोन कानठळ्या बसतील असा वाजला. तुम्ही लोकांनी तो आवाज असा करून ठेवलाय की मेलेला माणूस उठून बसेल. सगळा चहा माझ्या पँटवर. मी धावत कपाट उघडलं आणि बाईंना फोन लावला. "बाई, हा वाजतोय." त्या म्हणाल्या, "अग्गोबाई. चुकून दाबलं गेलं. माफ करा हं. कसे आहात?"

ही चूक पुढे पुष्कळदा झाली. माझा फोन गेला नाही की इकडे त्यांचं चुकून दाबलं जायचं. मी बिचारा समजत होतो, संगणकाचं काम, बोट घसरत असेल. आज समारंभाच्या आधी चहा घेताना इथल्या एका मुलीने मला सांगितलं, "काका, फोन वाजवायचा असेल तर संगणक आधी विचारतो, नक्की का? हो म्हटलं की पुन्हा विचारतो, खरंच नक्की का? चुकून वाजवताच येत नाही." बाई, तुम्ही खाली मान घालू नका. मी ते ऐकलं तेव्हा माझ्या हातातला कप पुन्हा हलला. या खेपेला पँट वाचली.

माझी पत्नी जाऊन तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती. मुलगा-सून प्रेमळ आहेत, माझं काही उणं नाही. बाईंच्या घरी कोण, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मी आणि रेडिओ. आमचं पटतं, तो मधे बोलतो आणि मी मधे बोलते." मग दोघंही थोडा वेळ गप्प होतो. फोनवर गप्प बसणं सोपं नसतं. समोरचा 'हॅलो, हॅलो' करायला लागतो. आम्ही कधी केलं नाही.

तुम्ही म्हणाल, एकाच गावात राहता, भेटला का नाहीत? बस या इमारतीसमोरून जाते. मी दोनदा इथल्या थांब्यावर उतरलोसुद्धा आहे. फाटकापर्यंत आलो, पहारेकऱ्याने विचारलं, कोणाला भेटायचंय, आणि मी म्हणालो, पत्ता चुकलो. वस्तू नसताना कुठल्या तोंडाने आत यायचं? आणि समोरासमोर आल्यावर ते बोलणं तसं राहील की नाही याची भीती वाटली. भीती वाटली हे खरंच आहे, त्यात काय लपवायचं.

मी आजारी पडलो तेव्हाची गोष्ट. छातीत दुखायला लागलं म्हणून मला स्थानकावरूनच रुग्णालयात नेलं. खोली बंद. इकडे बाईंचं चुकून दाबलं गेलं. पुन्हा दाबलं गेलं. बंद खोलीत फोन वाजतोय आणि उचलणारा नाही. शेवटी पार्सलवाला कंटाळला, त्याने पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली, कपाट उघडलं, मजकूर वाचला आणि क्रमांक लावला. बाईंनी त्याला सगळ्यांत आधी काय विचारलं, ते त्याने मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते कुठे आहेत?" फोन कुठे आहे, हे त्यांनी विचारलंच नाही.

पार्सलवाल्याने हा फोन रुग्णालयात आणून दिला. सूनबाईने बाईंना फोनवर विचारून या फोनला आपल्या फोनचं इंटरनेट दिलं. कुलूप लागलेल्या फोनला ते कसं मिळालं, ते त्या दोघी जाणोत, मी झोपेत होतो. जाग आली ती त्याच्या आवाजाने. सगळा वॉर्ड उठून बसला. परिचारिका धावत आली आणि मला इतकी ओरडली, की अध्यक्षाबाई, तुमच्या संस्थेत असती तर तुम्ही तिला बढती दिली असती. मी फोन हातात घेतला. त्यावरचा नेहमीचा मजकूर गेला होता. तिथे लिहिलं होतं, 'घाई नाही. बरे व्हा. छत्र्या वाट पाहतील.'

मी उशीकडे तोंड करून पडून राहिलो. सूनबाई शहाणी आहे. ती पाणी आणायला म्हणून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

पुढे मी निवृत्त झालो. आमच्याकडेही असाच समारंभ झाला. मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मी वरिष्ठांना म्हणालो, घड्याळ राहू द्या हवं तर, पण कपाटातला तो फुटका फोन मला न्यायचा आहे. ते म्हणाले, "घेऊन जा बाबा, त्याला कोण विचारतंय." घड्याळही दिलं, फोनही दिला. घड्याळ कुठे लावलंय ते मला आठवत नाही.

एवढ्या वर्षांत बाईंनी माझा क्रमांक ठेवून घेतला नाही. 'तुम्हाला कोणी काही विचारणार नाही' असं त्यांनीच लिहिलं होतं, आणि लिहिलेलं त्या पाळतात. सापडणाऱ्याचा क्रमांक काम झालं की पुसायचा, हा त्यांचा नियम. मीही त्यांचा घरचा क्रमांक कधी मागितला नाही. तो मागायला माझ्याकडे कुठली वस्तू होती? त्यामुळे आमच्यामधे काय ते एवढंच आहे: इथला क्रमांक, जो उद्यापासून यंत्राकडे जाणार, आणि हा फोन, जो आज संध्याकाळी यादीतून जाणार.

आज येताना बसमध्ये सूनबाईने मला एक गोष्ट सांगितली. रुग्णालयात होतो तेव्हा तिने बाईंना विचारलं होतं, "तुमचा घरचा नंबर देता का? बाबांना देईन." बाई म्हणाल्या होत्या, "देईन की. पण तो त्यांनी मागायला हवा." आणि सूनबाईने ही गोष्ट इतके दिवस पोटात ठेवली. मी म्हटलं, अगं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुमचं तुम्हाला सुचतंय का ते बघत होते."

तर मंडळी, आलो मुद्द्यावर. सूनबाई, आलो बरं का.

मला एक तक्रार नोंदवायची आहे. सगळा जन्म मी खिडकीच्या आत बसलो, आज बाहेरच्या बाजूला उभा आहे. माझी एक वस्तू हरवते आहे. अजून हरवलेली नाही, संध्याकाळी हरवणार आहे. अशी आगाऊ तक्रार मी माझ्या खोलीत कधीच घेतली नसती. म्हटलं असतं, हरवल्यावर या. पण या खात्याच्या बाई माझ्यापेक्षा प्रेमळ आहेत.

नियमाप्रमाणे खुणा सांगतो. वस्तू म्हणजे एक आवाज आहे. हसण्याआधी श्वास धरतो. 'हॅलो' म्हणत नाही, 'हं, बोला' म्हणतो. रागावला की हळू होतो. पाऊस पडत असला तर सांगतो, तुमच्याकडे पडतोय का बघा. भाजी कुठली केली हे विचारल्यावर आधी खोटं सांगतो, दोन भाज्या केल्या म्हणून, आणि मग खरं सांगतो, की एकटीसाठी कोण करतंय, पोहे खाल्ले. माझ्या विनोदाला हसत नाही, माझ्या गंभीर बोलण्याला हसतो. समोरचा उभा आहे की बसलेला, हे त्याला नुसत्या श्वासावरून कळतं. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल अशी वस्तू नाही. मला मात्र तिची सवय झाली आहे. सवय हा शब्द कमी पडतो, पण इतक्या लोकांसमोर दुसरा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. बाई, तुम्ही तो समजून घ्या.

बाई, तुमचा घरचा क्रमांक मला मिळेल का?

थांबा, टाळ्या नको. त्यांना विचार करू द्या. त्या शेजारच्या टेबलावरच्या संगणकाकडे वळल्या. बरोबर आहे, आज शेवटचा दिवस, त्यांची कामं राहिली असतील. मी काही घाई करत नाही. संचालकसाहेब, त्या नाही म्हणाल्या तरी हरकत नाही, हा फोन मी तुमच्याकडे जमा करून जाईन, परक्याची वस्तू मी कधी...

माफ करा. हा वाजतोय. एक मिनिट हं, याला गप्प कसं करायचं ते मला या वयातही येत नाही. त्यावर काही तरी आलंय. चष्मा कुठे गेला? कपाळावरच आहे, धन्यवाद सूनबाई, बसून खुणा केल्या तरी कळतं.

वाचतो. 'खूण पटली. हा फोन आता हरवलेला नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडेच राहावा. खालचा क्रमांक घरचा आहे.'

खाली क्रमांक आहे. तो मी वाचून दाखवणार नाही.

बाई, खाली बघू नका. मी बसलेला नाही, उभा आहे, आणि मला बसायला हवंय. तेव्हा आवरतं घेतो. अध्यक्षाबाईंनी वेळेची मर्यादा ओलांडू दिली, संचालकसाहेबांनी परक्या माणसाला हे व्यासपीठ दिलं, वकीलसाहेबांनी थट्टा सोसली, मदत विभागातल्या मुलांनी मला शोधून काढलं, आणि आपण सगळ्यांनी एका म्हाताऱ्याचं आडवळण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. बोलताना काही अधिक-उणं झालं असेल, कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला. सत्कारमूर्तींबद्दल जे खरं बोलायचं होतं, ते इथे पुरतं बोलून झालं नाही, याची मला जाणीव आहे.

ते उरलेलं मी फोनवर बोलेन.